मधाचं बोट

"तुमचं बाळ म्हणजे अगदी गुणी हो, हरीभाऊ," दुसऱ्या मजल्यावरच्या ज्ञानेश्वरीबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. "आठवडा झाला, रडणं म्हणून ऐकलं नाही. आमची दुपारची झोप परत आली. काकावर गेलंय बरं का पोर!" हरिश्चंद्र हसला. कुणी काही म्हटलं की हसायचं, ही त्याची जुनी सवय. त्या हसण्यात हो आणि नाही दोन्ही मावायचं आणि पुढे बोलावं लागायचं नाही. बाई खाली उतरल्या, तो वर निघाला आणि चार पायऱ्या चढून थांबला. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळण्यात त्याचा जन्म गेला होता. कॉम्प्रेसर धडधडत असतो तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आवाज पडला की मात्र पोत्यावर लवंडलेला माणूससुद्धा ताडकन उठून बसतो. इथे घरातला आवाज पडून आठवडा झाला आणि आपण उठलो नाही. उलट आपल्याला बरं वाटलं. अंगातल्या शर्टाला अमोनियाचा वास येत होता, हातातल्या पिशवीतून कोलंबीचं पाणी ठिबकत होतं, आणि वरच्या मजल्यावरून काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. त्याने उगाचच कठड्याला हात लावून बघितला.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत आई चटईवर कलंडली होती. आत शमिका, त्याच्या धाकट्या भावाची बायको, भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. तिचा नवरा दीपक दुकानावर असणार. पाळण्यात विठू जागा होता. जागा म्हणजे पापण्या अर्ध्यावर आलेल्या, आणि उरलेल्या फटीतून तो छताकडे बघत होता. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेलं दूध मानेच्या वळीत सुकलं होतं. तिसरा महिना चालू होता. बारशात ठेवलेलं नाव भारदस्त होतं, पण सावळा रंग बघून आईने विठू म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. पंधरवड्यापूर्वी याच वेळेला हा विठू असा काही ठणाणा करायचा की खालचा दुकानदार मान वर करून बघायचा. शमिका रात्रभर जागलेली, आईचे गुडघे धरलेले. तेव्हा पहिली पाळी संपवून घरी आलेल्या हरिश्चंद्राच्या हाती तो यायचा. तो त्याला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात जायचा. तिथे ओट्यावरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे, मधाची बाटली होती. ती त्याला आत्ता इथूनही दिसत होती, कारण खिडकीतलं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि भिंतीवर एक पिवळा डाग हलत होता. त्याने मान फिरवली.

मध त्याचाच होता. भाट्याला काशीराम म्हणून त्याचा मित्र आहे, त्याच्या नारळाच्या बागेत हरिश्चंद्राने सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या होत्या. रविवारी तो तिथे जाऊन बसायचा. माश्यांशी बोलावं लागत नाही, हे त्याला त्यांच्यातलं फार आवडायचं. दुकानातला मध म्हणजे गुळाचा पाक, आपला म्हणजे शुद्ध, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शुद्ध मध कधी नासत नाही, असंही सांगायची. दीपकला लग्नानंतर बारा वर्षांनी मूल झालं, डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून, नवस बोलून, आणि शेवटी पोट फाडून. त्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत आईने कनवटीची सोन्याची अंगठी काढली, तिच्याबरोबर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेला मधही काढला. "आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही हं आजी," असं सिस्टर बजावून गेली होती. आईने तिला "हो गो बाय" म्हटलं आणि ती वळल्यावर दार लोटून घेतलं. मग प्रश्न आला, चाटवायचा कुणी. कारण चाटवणाऱ्याचा स्वभाव पोराला लागतो, असं त्यांच्या घरात धरून चालत. दीपकने हात पुढे केला तशी आई त्याच्यावर खेकसली. "तू नुको. तुला तुझ्या बापसान चाटवलान, बघ कसा इस्तवासारखा तापट झालास. ह्या हरीला माझ्या भावान चाटवलान. जन्मात कुणाला अरे म्हटलान नाय ह्यान. हरी, ये पुढे. तुझ्यासारखा निवांत होऊ दे पोर."

तिचा तो पावस गावचा भाऊ इतका निवांत होता की शेजाऱ्याने त्याच्या आवारात दगडी गडगा घातला तरी तो ओटीवर बसून बघत राहिला, हे मात्र आईने सांगितलं नाही. हरिश्चंद्र पुढे झाला. अंगठीवरून मध घसरला म्हणून त्याने करंगळीनेच निपटून तो त्या एवढ्याशा तोंडात दिला. जीभ त्याच्या बोटाला गुंडाळली गेली. हिरड्यांनी बोट धरलं, ओढलं. इतकं बळ, आणि आत काही म्हणता काही नाही, नुसती ओढ. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशी उलटली होती, आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी असं धरलं नव्हतं. सगळे हसत होते. शमिका गुंगीतसुद्धा हसली होती आणि म्हणाली होती, "भावोजींसारखा झाला तर माझं नशीबच." तो विधी तिथे संपला, सगळ्यांच्या लेखी. त्याच्या लेखी संपला नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा दुपारी विठू आकांत करू लागला, कशाने थांबेना, तेव्हा त्याने बाटलीत करंगळी बुडवली. मग दुसऱ्या दिवशी. मग ती दोघांची वेळच होऊन बसली. शमिका विचारायची, तुमच्याकडे कसा हो लगेच शांत होतो, तो हसायचा. लपवायचं असं त्याच्या मनात नव्हतं. सांगायचं राहून गेलं, एवढंच. त्याचं तर सगळंच सांगायचं राहून जायचं. फार वर्षांपूर्वी वेळणेश्वरच्या एका मुलीने, पाहण्याच्या कार्यक्रमात, देवळामागे त्याला सरळ विचारलं होतं, "तुमच्या मनात आहे ना?" त्याच्या मनात इतकं होतं की घसा भरून आला, आणि तो हसला. तिने त्याचा अर्थ नाही असा घेतला. घरच्यांनी तेव्हाही म्हटलं, मुलगा फार सालस. सालस, निवांत, गुणी. या शब्दांखाली तो वर्षानुवर्षं राहत होता, आणि आता त्या शब्दांखाली एक तान्हं पोर येऊन निजलं होतं.

त्याने विठूला उचललं. उचलताच त्याला समजलं. रोज हाताला लागणारा तो घट्ट, वळवळणारा जीव नव्हता. ओल्या पंच्यासारखं काहीतरी त्याच्या तळहातांवरून दोन्हीकडे लोंबलं. मान मागे गेली, ती पोराने सावरली नाही. त्याने पटकन हात खाली धरला. काल इतकं नव्हतं. की होतं? काल बोट तोंडात दिलं तेव्हा विठूने ओढलं नव्हतं, मध जिभेवर तसाच राहिला होता. त्याला वाटलं, पोट भरलंय. चार-पाच दिवस बाळाला शी झाली नव्हती. आईने विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावून बघितला, ओव्याचा शेक दिला, आणि म्हणाली होती, अंगी लागतंय दूध. रडत नाही म्हणून आनंद, शी नाही म्हणून अंगी लागतंय. एकेक सगळं बरंच होत गेलं होतं. आता त्याने पोराच्या तोंडाशी कान नेला. श्वास होता, पण मध्ये मध्ये तो यायचा राहत होता, आणि मग आठवल्यासारखा येत होता. आणि विठू रडला. खरंच रडला: ओठ वाकडे झाले, तेही पुरते नाहीत, आणि घशातून मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला, दाराबाहेरसुद्धा न जाणारा. म्हणजे तो रडत होता. आठवडाभर तो रडतच असेल आणि ते आपल्यापर्यंत येत नसेल. 

"शमिका," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "शमिका, ऊठ." ती दचकून उठली ती बाळाकडे न बघता त्याच्याकडेच बघत राहिली, त्या घरात त्याने कुणाला अशी हाक मारलेली तिने ऐकली नव्हती. आई बाहेरून ओरडली, "काय झाला? पोर निजलाय तर निजू दे की!" "निजला नाय तो," हरिश्चंद्र म्हणाला. 

रिक्षात विठू शमिकाच्या मांडीवर होता आणि ती त्याच्या गालावर सारखं बोट मारत होती. हरिश्चंद्र रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसला होता आणि स्वतःची करंगळी मुठीत दाबून धरून होता. अजून त्याला काही ठाऊक नव्हतं. मधाचा आणि याचा काही संबंध असेल असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण ठाऊक असल्यासारखी ती करंगळी तो मुठीतून सोडत नव्हता. दीपक परस्पर हॉस्पिटलवर आला, येतानाच कुणावर तरी ओरडत. तपासणीच्या टेबलावर विठूला ठेवलं. डॉक्टर मृणाली तरुण होत्या, बोलताना हात थांबवत नव्हत्या. त्यांनी बाळाचे दोन्ही हात धरून त्याला किंचित बसतं केलं. डोकं मागेच राहिलं. डोळ्यांत बॅटरी मारली, तोंडात बोट घालून बघितलं. तेच, हरिश्चंद्राला वाटलं, तेच बोट. ओढत नाही, हे डॉक्टरांनाही कळलं. त्यांनी वळून विचारलं, "मध दिलाय का बाळाला? गुटी, मध, बाहेरचं काही?"

"नाही," शमिका म्हणाली. "फक्त माझं दूध." तिच्या हिशेबी ते खरंच होतं, जन्माच्या दिवशीचं ते मधाचं बोट म्हणजे देणं नव्हे, तो विधी. आई म्हणाली, "नाय वो डॉक्टर. आता कोण देतंय?" आणि डोळ्यांनी दीपकला दाबलं.  हरिश्चंद्र दाराशी उभा होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. आजवर कुणी बघत नव्हतं. डॉक्टर शमिकालाच सांगत होत्या, अंगवळणी पडलेल्या भाषेत, पण घाईने. "मी का विचारते ते ऐका. आपल्या मोठ्यांच्या आतड्यात जंतूंची केवढी वस्ती असते. चांगले जंतू, आपलेच. बाळ जन्मतं तेव्हा तिथे जवळजवळ कुणी नसतं. आईकडून, दुधातून हळूहळू वस्ती बसते, आणि तीच अंगाला शिकवते, आपलं कोण, परकं कोण. ते शिकणं अजून व्हायचं असतं. मधात कधी कधी एका जंतूचं बीज असतं. धुळीतलं, मातीतलं. मध कितीही शुद्ध असो. आपण खाल्लं तर आत गर्दी असते, त्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. बाळाच्या पोटात जागाच जागा. तिथे ते रुजतं आणि विष करतं. आधी पोट थांबतं, मग रडणं, मग पापण्या, मग मान. शेवटी श्वास." त्या थांबल्या. "तसं नसेल तर हा रक्तातला संसर्ग धरून चालावं लागेल, आणि वेळ काढता येणार नाही. पण तसं असेल, तर मी आत्ता सुरू करते त्यातलं एक इंजेक्शन त्याला उलटेल. म्हणून पुन्हा विचारते. मध नाही ना?"

"नाही हो," शमिका रडू लागली. सिस्टरने ट्रे उघडला.

घशात काहीतरी येऊन बसलं. हे त्याच्या ओळखीचं होतं. वेळणेश्वरच्या देवळामागे आलं होतं तेच. आता बोलावं, एवढंच तर आहे, आणि ते होत नाही. त्याला गावाकडची मुंबईकरांची बंद घरं दिसू लागली. गणपतीपुरती उघडतात, मग वर्षभर कुलूप. बाहेरून सगळं ठाकठीक, आणि आत पहिल्याच पावसाळ्यात वाळवी चढते, घुशी जमीन उकरतात, एखाद्या कोपऱ्यात सापाची कात. रिकामं घर रिकामं राहत नाही. कुणीतरी येऊन बसतंच, आणि जे बसतं ते आवाज करत नाही. आपण असेच, त्याला वाटलं. लहानपणी मामाने बोट दिलं आणि त्या बोटाबरोबर काहीतरी आत आलं, रुजलं. जीभ खाल्ली त्याने, घसा खाल्ला, आणि लोक म्हणाले, पोर गुणी. आणि तेच आपण या पोराला दिलं. रोज. प्रेमाने. आई म्हणाली तसाच झाला तो, अगदी आपल्यासारखा. आणखी थोडा वेळ गप्प बसलं की पुरता होईल. सिस्टर बाटलीत सुई खुपसत होती. विठूच्या मनगटाला फळी बांधली होती, त्या एवढ्याशा हाताची बोटं उघडी पडली होती, कशालाच न धरता. आणि याही वेळी त्याच्या मनात जे होतं ते फार साधं होतं, त्याची त्याला लाज वाटली: सांगितलं तर शमिका पुन्हा कधी हे पोर माझ्या हातात देणार नाही. तीन वाजता घरी येऊन मी काय करू? सिस्टरने सुई वर धरून हवा काढली. टोकाशी एक थेंब आला.

"मध." आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या बाकावरची माणसं वळली. तो आपला आहे हे त्यालाच पटेना. "मध दिलाय. मी. दुपारी. रोज दिलाय, काल पण दिलाय. ते टोचू नका." सिस्टरचा हात थांबला. "हरी, काय बरळतोस?" आई म्हणाली. "एकदाच, तो जन्माचा..." "रोज," तो तिच्यावर ओरडला. "रोज दिलाय म्हणून सांगतोय ना!" डॉक्टरांनी सिरिंज सिस्टरच्या हातून काढून ट्रेमध्ये ठेवली. दीपक हात उगारेल असं सगळ्यांनाच वाटलं. सगळा गाव ओळखून होता त्याला. पण दीपक भिंतीला टेकून खाली बसला. शमिकाचं रडणं थांबलं होतं. ती हरिश्चंद्राजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "कुठलं बोट?" त्याला कळलं नाही. "कुठल्या बोटाने देत होतात?" त्याने करंगळी पुढे केली. तिने ती बघितली. हात नाही लावला, नुसती बघितली, आणि परत टेबलाकडे गेली.

मग घाई सुरू झाली. इथे एवढ्या लहान बाळाला यंत्रावर फार दिवस ठेवता येणार नाही, कोल्हापूरला न्यायला हवं, असं ठरलं. घशात नळी घातली, कारण श्वास आठवून आठवून घेणं आता त्याला जमेना. "यावर उतारा आपल्याकडे सहज मिळत नाही," डॉक्टर दीपकला सांगत होत्या. "श्वास यंत्राने सांभाळायचा आणि वाट बघायची. नसांची टोकं पुन्हा फुटतात, पण त्याला आठवडे लागतात. मध्ये दुसरं काही होऊ नये. वेळेवर सांगितलंत, एवढं खरं." हे शेवटचं त्यांनी हरिश्चंद्राकडे बघून म्हटलं. त्यात कौतुक नव्हतं. अँब्युलन्सच्या दारात तो पाऊल ठेवायला गेला तशी आतून शमिका म्हणाली, "तुम्ही नको." दार लागलं. हातखंब्याच्या दिशेने तो भोंगा बराच वेळ ऐकू येत राहिला, आंबा घाट अजून लांब होता. आई त्याच्या शेजारी उभी राहून बोलत होती, न थांबता. आमच्या सात पिढ्या मधावर वाढल्या, कुणाला काय झालं, आणि तुला एवढी बोंब ठोकायची काय गरज होती. तिच्या हाताला धरून त्याने तिला रिक्षात बसवलं.

बाटली त्याने मोरीत ओतायला घेतली तेव्हा आईने ती हिसकावून घेतली आणि देवाजवळ नेऊन ठेवली. पंचामृताला लागेल म्हणाली. तिथे ती अजून आहे. भाट्याला तो पुन्हा गेला नाही. पेट्या काशीराम बघतो. ज्ञानेश्वरीबाई जिन्यात भेटल्या की पदर सावरून भिंतीला लागतात आणि गुणी हा शब्द उच्चारत नाहीत. तो तीनला घरी येतो, हात धुतो, पुन्हा धुतो, आणि मोबाईल समोर ठेवून पाळण्याजवळच्या स्टुलावर बसतो. दीपक रात्री काय ते सांगतो, आहे तसाच आहे, पापणी थोडी हलली, नाही हलली. पण दुपारी तीनच्या सुमाराला, त्या दोघांच्या वेळेला, शमिकाचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा ती शिव्या देईल म्हणून त्याने तयारी केली होती. शिव्या आल्याच नाहीत. तिने फोन बाळाजवळ नेऊन धरला असावा. एक सुस्कारा, एक टिकटिक, पुन्हा सुस्कारा. सारख्या अंतराने, न चुकता. यंत्राचा आवाज त्याला कळतो. हे यंत्र नीट चाललं होतं. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि त्याला बरं वाटू लागलं, अगदी निवांत वाटू लागलं, तेवढ्यात ती म्हणाली, "हा मशीनचा आवाज आहे, भावोजी. त्याचा नाही."

तेव्हापासून ती रोज लावते. शिक्षा म्हणून की सोबत म्हणून, हे त्याला समजत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. आजही लावला. सुस्कारा, टिकटिक. मागे कुठेतरी सिस्टर बोलत होत्या. मग शमिकाचा आवाज, अगदी जवळ, "रडतोय तो आत्ता. तोंड वाकडं झालंय, डोळ्यांतून पाणी येतंय. नळी आहे म्हणून ऐकू येत नाहीये."  त्याच्या ओठांवर ते हसू येऊ लागलं होतं, सवयीचं. फोनवर ते दिसत नाही. पलीकडे यंत्र श्वास घेत होतं, सोडत होतं, आणि त्याच्या खाली एक पोर रडत होतं.

"ऐकताय ना?" शमिकाने विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. "फोन ठेवू नकोस. ऐकतोय मी."